दोन जावा आणि एक जीभ

आईच्या जिभेवर डाव्या कडेला एक काळा डाग आहे. लहानपणी मला वाटायचं, तिने कधीतरी जांभूळ खाल्लं असणार आणि त्याचा रंग उतरायचा राहून गेला असणार. मे महिन्यात आम्ही पोरं जांभळं खाऊन एकमेकांना जिभा काढून दाखवायचो, तेव्हा मी धावत घरी जायची, आरशासमोर स्टुलावर चढायची आणि स्वतःची जांभळी जीभ बघून म्हणायची, झाले, मीपण आई झाले. रंग टिकावा म्हणून दुसऱ्या दिवशी जिभली हातात धरून नुसती उभी राहायची. मागून आई ओरडायची, ‘घास गो जीभ, तोंडाची माती झाली!’

अशा डागवाल्या बाईला काळजिभी म्हणतात. तिच्या तोंडून वाईट निघालं की ते खरं होतं. चांगलं निघालं तर काहीही होत नाही, हे विशेष. आई म्हणाली, ‘आज लिफ्ट बंद पडणार,’ की लिफ्ट बंद. ‘हिचा कुकर एक दिवस उडणार,’ म्हणाली, की शेजारच्या वहिनींच्या कुकरची शिट्टी छताला. माझ्या दहावीच्या परीक्षेत बाबा सकाळी उठल्याउठल्या तिच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा भरायचे. ‘तू आज बोलू नकोस. नुसती चोखत बस.’ भूमितीच्या दिवशी खडा जरा लवकर विरघळला आणि मी चपला घालत असताना ती कळवळून म्हणाली, ‘कठीण असतला काय गो पेपर?’ मला भूमितीत किती मिळाले ते मी इथे लिहिणार नाही.

पण भांडुपच्या आमच्या बिल्डिंगला त्या जिभेची भीती कमी आणि गरज जास्त होती. पूर्वी चाळ होती, आता सात मजले आहेत, पण माणसं तीच, सगळी कोकणातली. कुणाकडे केळवण असो, सत्यनारायण झाल्यावरचं जेवण असो, की रविवारची साधी बांगड्याची आमटी असो, दार वाजायचं. हातात पळी घेऊन कुणीतरी उभी. ‘काकी, बघ गो जरा.’ आई उजवा तळहात पुढे करायची. त्यावर एक थेंब पडायचा, आई तो जिभेवर घ्यायची आणि डोळे मिटायची.

तिचे मिटलेले डोळे मला अजून दिसतात. दोन-तीन क्षणच असायचे, पण तेवढ्यात ती कुठेतरी लांब जाऊन यायची. जिना गप व्हायचा. पळीवाली श्वास रोखून उभी. मी आईच्या कमरेला धरून वर बघत असायची आणि मला वाटायचं, आता हिच्या पापण्यांच्या आत एक घर आहे, तिथे कुणीतरी हिला सांगतंय. मग ती डोळे उघडून म्हणायची, ‘मीठ अजून चिमूट. कोकम दोन. आणि खोबरं तुझं जुनं आहे, उगाच मला सांगू नकोस.’

जीभ म्हणजे काय काय, ते मला असं तिच्याकडे बघून कळत गेलं. ती चव घेते, ती शाप देते, ती भाषाही सांभाळते. आईची भाषा दिवसभर कपडे बदलायची. बिल्डिंगमध्ये मालवणी, भाजीवाल्याशी हिंदी, माझ्या शाळेच्या मीटिंगला एकदम पुस्तकातली मराठी, आणि राग आला की सगळं टाकून थेट गावची. बुटाच्या लेसखाली जी चामड्याची पट्टी असते तिलाही जीभ म्हणतात हे कळलं, त्या दिवशी मी पहिलं काय केलं, तर तिच्यावर काळा डाग शोधला. शाळेचा बूट होता, अख्खाच काळा. मी घाबरून आठवडाभर बुटासमोर तोंडातून वाईट शब्द काढला नाही.

पुढे माझंही पोट जिभेवरच चालायला लागलं. अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत मी दुसऱ्या भाषांतले संवाद मराठीत आणते. अंधाऱ्या, थंडगार खोलीत बसून पडद्यावरचे ओठ बघायचे आणि त्या ओठांत बसेल असं वाक्य शोधायचं. नटाचं तोंड मिटलं की माझं वाक्य मिटलं पाहिजे. अर्थ थोडा इकडेतिकडे झाला तर चालवून घेतात. तू हे कुठे शिकलीस, असं ऑफिसात विचारतात तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगते. खरं उत्तर आहे, बोरीवलीला, मोठ्या काकीच्या स्वयंपाकघरात.

मोठी काकी म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, आईची जाऊ. दोघी लग्न होऊन मुंबईत आल्या तेव्हा पहिली सात वर्षं एका खोलीत राहिल्या. एकच स्टोव्ह, एकच सासू. सासूने, म्हणजे माझ्या आजीने, दोघींना एकाच वेळी एकच स्वयंपाक शिकवला आणि एकाच पळीने दोघींच्या हातावर मारलं. त्यामुळे दोघींच्या हातची चव इतकी सारखी झाली की जेवताना हे कुणी केलं, ते खुद्द आजीलाही ओळखता यायचं नाही. एकीच्या अंगात ताप असला की दुसरी तिच्या नावाने स्वयंपाक करून मोकळी व्हायची. पुढे काका-काकी बोरीवलीला गेले, आम्ही भांडुपला राहिलो, तरी आठवड्यातून दोनदा फोन आणि फोनवर तासभर दोघींचं खीखी हसणं. मला त्या हसण्याचा हेवा वाटायचा.

आमच्यात पितृपक्षात म्हाळ करतात. गेलेल्या माणसाच्या नावाने जेवण करायचं, त्याचं पान, म्हणजे वाडी, गच्चीत नेऊन ठेवायची, कावळा शिवला की मग घरच्यांनी जेवायचं. वडे, तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. नियम एकच आणि तो कडक. वाडी ठेवेपर्यंत त्यातलं काही कुणाच्या जिभेला लागता कामा नये. लागलं की सगळं उष्टं. मीठसुद्धा अंदाजाने घालायचं. आजी म्हणायची, ‘हाताला कळत नसेल तर चुलीसमोर उभी राहू नको.’

आजी गेली त्यानंतरचा पहिला म्हाळ नऊ वर्षांपूर्वी बोरीवलीला झाला. थोरल्याचं घर म्हणून तिथे. वीस-पंचवीस माणसं जेवायला. सांबार काकीने केलं होतं आणि ते ढवळायला आई उभी होती. तीस वर्षांची सवय, दुसरं काय! पळी उचलली, तळहातावर थेंब घेतला, जिभेवर टेकवला, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा समोर काकी.

‘उष्टां केलंस?’ काकीचा आवाज चढत गेला. ‘सासूच्या पयल्या पानाक उष्टां वाढतलस?’

आई म्हणाली, चुकून झालं. काकीने ऐकलं नाही. तिने फडक्याने टोप धरला आणि सगळ्यांच्या देखत अख्खं सांबार मोरीत ओतलं. काळे वाटाणे रात्रभर भिजवावे लागतात, आयत्या वेळी कुठून आणणार? घाईघाईत मसुराची आमटी टाकली. माणसं चार वाजता जेवली. आजीच्या पहिल्या म्हाळाला सांबार नाही, याला जबाबदार कोण, तर आई, असं त्या घरातल्या प्रत्येक नजरेत लिहिलेलं होतं. आईने तोपर्यंत मान खाली घातली होती. मग कुणीतरी फिदकन हसलं आणि तिची मान वर झाली.

‘चवीची एवढी भीती हा ना तुका?’ ती काकीला म्हणाली. ‘मगे बघ. तुझ्या जिभेक चव म्हणान ऱ्हवाची नाय!’

सगळ्यांना डाग माहीत होता. काकीचा हात आपोआप तिच्या तोंडावर गेला. आईने लगेच जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून पोचलासुद्धा होता.

त्या दिवसापासून दोघींचा अबोला. पण गंमत अशी की म्हाळ चुकवायची सोय नव्हती. सासूच्या पानाला दोन्ही सुनांचे हात लागले पाहिजेत, असं आजीच सांगून गेली होती. म्हणून दर वर्षी आई पहाटे उठून बोरीवलीला जायची, काकीच्या शेजारी उभी राहून चार तास स्वयंपाक करायची आणि एक शब्द बोलायची नाही. दोघींमध्ये तीन फूट अंतर. आणि फ्रीजला टेकून स्टुलावर बसलेली मी, त्यांच्या मधली जीभ.

आई म्हणायची, ‘तिका सांग, डोळे फुटले नसतील तर तेल तापलंय.’

मी म्हणायची, ‘काकी, तेल तापलंय.’

काकी म्हणायची, ‘तुझ्या आवशीक सांग, माझ्या घरात माका शिकवू नको.’

मी म्हणायची, ‘आई, काकी बघते म्हणाली.’

अर्धी वाक्यं मी गिळायची. कधीकधी तर अख्खी नवीन बनवायची. एकदा काकी काहीच बोलली नव्हती, तरी मी सांगितलं, ‘आई, काकी म्हणते तुझे वडे मस्त फुगलेत.’ पुढचा वडा आईने जरा जास्त प्रेमाने थापला. मिठाचं मात्र ठरलेलं होतं. आई विचारायला लावायची, ‘मीठ झालां काय?’ आणि काकी सांगायला लावायची, ‘झालां.’ तेवढं एक वाक्य मी न बदलता पोचवायची. खरं सांगते, मला वैताग यायचा. घरी परत येताना टॅक्सीत खिडकीकडे तोंड करून मी रडलेलीही आहे. दोन बायका तीन फुटांवर उभ्या राहून एकमेकींना मरणाच्या मिस करत होत्या आणि दोघींपैकी एकही ते बोलून दाखवत नव्हती.

मग तो ताप आला, सगळ्या जगाला आला तोच. आई पंधरा दिवस आतल्या खोलीत. आम्ही दाराशी ताट ठेवायचो, ती संपवून परत सरकवायची. बरी झाली, उठली, परत ओट्याशी उभी राहिली. फक्त जिन्यातून कुणी पळी घेऊन आलं की ती म्हणायला लागली, ‘मला डॉक्टरने मीठ बंद केलंय गो.’ आणि आमच्या मिठाच्या बरणीत औषधाच्या बाटलीबरोबर येतो तसला प्लॅस्टिकचा इवलासा चमचा दिसायला लागला. उभ्या जन्मात हाताने मीठ घालणारी बाई चमचा मोजून घालत होती, आणि मला, तिच्या पोटच्या मुलीला, त्यात काही वाटलं नाही.

कळलं ते काकडीमुळे. दुपारी ती खिडकीत बसून काकडीच्या फोडी खात होती, समोर डोंगरावरच्या झोपड्यांची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती, मी येऊन एक फोड उचलली आणि तोंडात घालताच थुंकली. कडू जहर! अशी कडू काकडी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. आईने तिची अर्धी ताटली संपवलेली होती.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे. हातातली फोड तिने हळूच खाली ठेवली.

‘चार महिने झाले,’ ती म्हणाली. ‘काहीच लागत नाही. ओला कागद चावल्यासारखं वाटतं.’

मी म्हटलं, अगं, मग सांगायचंस ना! तर ती जीभ बाहेर काढून डागावर बोट ठेवून म्हणाली, ‘माझंच बोललेलं माझ्यावर उलटलं. तिला म्हटलं होतं ना मी.’

‘आई, तापाने गेली. अख्ख्या जगाची गेली होती.’

‘जगाची परत आली,’ ती म्हणाली.

तिने माझ्याकडून वचन घेतलं. बाबांना नाही, बिल्डिंगला नाही आणि मेली तरी काकीला कळता कामा नये. ‘ती म्हणेल, देवाने बघितलं. आणि बरोबरच म्हणेल. ते ऐकण्यापेक्षा मी मरेन.’ काळजिभीने मरेन असलं बोलायचं नसतं. मी उठून डब्यातली खडीसाखर आणली आणि तिच्या तोंडात भरली. तिने मुकाट्याने चोखली. गोड लागली का, हे मी विचारलं नाही.

तेव्हापासून मी तिची जीभ झाले. पळी घेऊन कुणी आलं की ती ऐटीत म्हणायची, ‘आता हिला शिकवतेय. घे गो तू.’ थेंब माझ्या तळहातावर पडायचा. मी चाखायची आणि तिच्या पदराचं टोक धरायची. एकदा ओढलं तर मीठ कमी, दोनदा ओढलं तर जास्त. मग ती डोळे मिटून निकाल द्यायची. बिल्डिंग खूश. नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आलो. त्याने जीभ बघितली, डाग बघून जरा दचकला आणि म्हणाला, वास अर्धा परत आलाय, चव येईलही, नाहीही येणार. वासावर तिचं बरंच भागायचं. फोडणी, खोबरं, मसाला सगळं नाकाने. फक्त मिठाला वास नसतो.

आणि एक गोष्ट होती, जी डॉक्टरला सांगायची राहिली. तिला स्वप्नात चव यायची.

सकाळी चहा घेताना ती सांगायची, अजून अर्धी तिकडेच असल्यासारखी. ‘आज कुळथाची पिठी होती. वर कच्चं तेल.’ कधी चुलीत भाजलेले काजू, त्यांचा चीक ओठाला लागून ओठ भाजलेला. कधी शाळेच्या वाटेवरची करवंदं. एकदा ती पूर्वेकडच्या मिठागरात गेली होती, सगळीकडे पांढरं, पाण्यात आभाळ पडलेलं, माणूस नाही काणूस नाही, आणि ती मधोमध बसून ओंजळीने मीठ खात होती. ‘इतकं गोड होतं गो मीठ,’ म्हणाली. मी ऑफिसला निघालेली असायची, पण पर्स खांद्याला लावून तशीच उभी राहायची. तिच्या आवाजाने माझ्याही तोंडाला पाणी सुटायचं. नंतर दिवसभर अंधेरीच्या त्या अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर कुणी परकी माणसं भांडत असताना, माझ्या जिभेवर करवंदं असायची.

एक स्वप्न मात्र परत परत यायचं. ‘आज पुन्हा काळ्या वाटाण्याचं सांबार,’ ती म्हणायची. कुणाच्या हातचं, असं विचारलं की, ‘असंच,’ म्हणून कप विसळायला उठायची.

असं चार वर्षं निभावलं. यंदाच्या म्हाळाला आम्ही नेहमीसारखे सकाळी सातला बोरीवलीत हजर होतो. आदल्या दिवसापासून मीच घाबरलेली. दोघींमध्ये मी आहे तोवर आईचं गुपित सुरक्षित होतं. मीठ झालं का, झालं, एवढंच तर पोचवायचं. काकीच्या मिठाच्या बरणीत औषधाचा इवलासा प्लॅस्टिकचा चमचा दिसला, तेव्हा माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली. मी आपली स्टुलावर बसून इकडचं तिकडे करत होते.

दहाच्या सुमाराला केळीची पानं उघडली तर अर्धी फाटकी निघाली. काकी म्हणाली, ‘जा गो, बाजारातून दुसरी घेवन ये.’ मी गेले. स्टेशनजवळच्या बाजारात पितृपक्षामुळे पानांना ही झुंबड, मिळवून परत यायला पाऊण तास लागला. आले तेव्हा सांबार उकळून बाजूला ठेवलेलं होतं. दोघी एकमेकींकडे पाठ करून वडे थापत होत्या. मी पानं धुवायला घेतली. मीठ झालं का, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. म्हणजे काय झालं असेल, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

काकांनी गच्चीत वाडी ठेवली. कावळा आला, सांबारात एकदा चोच बुडवली, मान झटकली आणि वडा उचलून पसार झाला. ‘आयेन घेतला,’ काका डोळे पुसत म्हणाले. सगळे खाली आले, पानं मांडली. आता आम्ही दहा-बाराच माणसं उरलोय, बायका-पुरुष एकत्रच बसतो.

मी वडा सांबारात बुडवून तोंडात घातला आणि माझी वाट लागली. मीठ! नुसतं मीठ! समुद्राचं पाणी आटवून ठेवल्यासारखं. गिळवेना, थुंकता येईना. समोर बाबांचे डोळे विस्फारलेले. चुलतभाऊ पाण्याचा तांब्या घशात ओतत होता. काकांनी अतिशय शांतपणे सांबाराची वाटी दूर सरकवली आणि खीर ओढली. बोललं कुणीच नाही, कारण म्हाळाच्या जेवणाला नाव ठेवायचं नसतं, पितरांना लागतं. नियमाने चाखायचं नाही, अबोल्याने विचारायचं नाही, आणि आता रीतीने बोलायचंही नाही. आमच्या घराचं हे असं आहे.

मग मला आई आठवली. आता पकडली जाणार. मी वळून बघितलं. आई छानपैकी वडा बुडवून खात होती. तिची वाटी जवळजवळ संपली होती. मी तिचा पदर ओढायला हात पुढे केला आणि तेवढ्यात माझं लक्ष पलीकडे गेलं.

काकीपण खात होती. सावकाश, मन लावून. टोपातून तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि वाटी तोंडाला लावून ती प्यायली.

हळूहळू काकीच्या लक्षात आलं, की वाट्या वाजत नाहीयेत. तिने मान वर केली. काकांची वाटी भरलेली. बाबांची भरलेली. माझी भरलेली. एकेक वाटी बघत बघत तिची नजर आईच्या वाटीवर आली. ती चाटूनपुसून रिकामी होती. आईनेही तेवढ्यात वर बघितलं होतं आणि तीही काकीची रिकामी वाटी बघत होती. खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

‘तुझी पण?’ काकी म्हणाली.

माझं तोंड सवयीने उघडलं, निरोप पोचवायला. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा तो निरोप माझ्यासाठी नव्हता. ती थेट आईशी बोलली होती.

‘व्हय,’ आई म्हणाली. ‘तापात गेली. तुझी?’

‘तेवाच.’

आईचा चेहरा बघवेना. स्वतःची चव गेली हे तिने चार वर्षं सोसलं होतं, पण हे नाही. ‘माझ्या जिभेन गेली तुझी,’ ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. ‘मी बोललंय तां तुका लागलां. माझी जीभ जळांदे.’

‘गप रव!’ काकी ओरडली, अगदी त्या दिवशी ओरडली होती तशीच. ‘आणि काय बोलू नको. एवढां झालां तां पुरे नाय? तापान गेली गो. आख्ख्या जगाची गेली.’

‘जगाची परत इली.’

‘आपली नाय इली. जावा ना आपण.’

आई रडता रडता हसली. बाबा आणि काका खिरीच्या वाट्यांत डोकं घालून बसले होते. आईने नाक पुसलं आणि विचारलं, मग तू कुणाला सांगितलं का नाहीस? काकी पानावरची वड्याची कड मोडत राहिली. म्हणाली, ‘पयलां रागान सांगूक नाय. मगे तुझ्यासाठी सांगूक नाय. तू सोताक खात बसली असतस.’

चार वर्षं. चार वर्षं एक हिच्या भीतीने गप होती आणि दुसरी तिच्या काळजीने, आणि मी मूर्ख मध्ये बसून तेल तापलंय, तेल तापलंय करत होते. मला दोघींना धरून हलवावंसं वाटलं. त्याऐवजी मी आईच्या जवळ सरकले, आई काकीकडे सरकली आणि दोघींच्या मधलं ते तीन फुटांचं अंतर थोडं कमी झालं.

‘सपनात येता तुका चव?’ काकीने मध्येच विचारलं.

‘येता,’ आई म्हणाली.

‘माका नाय येना. माझी सपनापण अळणी.’ काकी जरा पुढे झुकली, एखाद्या लहान मुलीने गोष्ट ऐकायला सरकावं तशी. ‘काय खातस?’

आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती ‘असंच’ म्हणेल आणि पानं उचलायला उठेल. ती उठली नाही.

‘सांबार,’ ती म्हणाली. ‘तू मोरीत ओतलंस तां.’

काकीचा हात पानावर तसाच राहिला. नऊ वर्षांपूर्वीचा तो टोप, ती मोरी, वाहून गेलेले ते काळे वाटाणे, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसलं. तिने केलेलं ते सांबार तिने स्वतःही चाखलं नव्हतं. या जगात ते एकाच माणसाच्या जिभेला लागलं होतं, एक थेंब.

‘मीठ कसां होतां गो त्यात?’ काकीने विचारलं, आणि तिचा आवाज जिन्यात पळी घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांसारखा झाला.

आईने उजवा तळहात मांडीवर उघडा ठेवला आणि डोळे मिटले.

‘बरोबर होतां,’ ती म्हणाली.